नाम कुठलं, क्रियापद कुठलं: डहाणू-तलासरीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

ही पुस्तिका कोणासाठी

बदलीचा आदेश हातात पडला आहे, शाळा डहाणू किंवा तलासरी तालुक्यातली आहे आणि पहिल्याच आठवड्यात पाचवीला ‘नाम व क्रियापद’ हा घटक घ्यायचा आहे, अशा शिक्षकांनी ही पुस्तिका वाचावी. मुंबईकडून येणाऱ्यांना २०१३ पासून थेट डहाणू रोडपर्यंत लोकल आहे. विरारपर्यंत पुस्तिका उघडू नये, हात मोकळा राहत नाही. विरारनंतर बसायला मिळतं. तलासरीला जाणाऱ्यांनी उरलेला भाग पुढच्या जीपमध्ये वाचावा.

साहित्य: एक खडू, एक चिकू, आल्याचा एक तुकडा आणि व्याकरणाचं एक पुस्तक. पुस्तक लागणार नाही, पण टेबलावर असावं. साहेब तपासणीला येतात.

पायरी पहिली: व्याख्या पाठ करा

व्यक्ती, वस्तू, स्थळ, गुण यांच्या नावाला नाम म्हणतात. क्रिया दाखवून वाक्य पूर्ण करणाऱ्या शब्दाला क्रियापद म्हणतात. झालं पाठ? आता फळ्यावर लिहा: नाच, तोड, भांडण, पळापळ. वर्गाला विचारा, यात क्रिया आहे का? आहे, भरपूर आहे. पळापळीत तर दुसरं काही नसतंच. तरी चारही नामं. मग लिहा: ‘चिकू गोड आहे.’ इथे चिकू काहीही करत नाही, निवांत गोड असतो. तरी ‘आहे’ हे क्रियापद. पहिल्या दहा मिनिटांत व्याख्या अशी निकालात निघते आणि वर्ग जागा होतो.

घाबरू नका, हा घोळ तुम्ही केलेला नाही. यास्काच्या निरुक्तात शब्दांच्या चार जाती आहेत. नामात असण्याला महत्त्व आणि आख्यातात, म्हणजे क्रियापदात, घडण्याला महत्त्व, अशी त्याने विभागणी केली. तिथेच एक भांडणही नोंदवलं आहे. शाकटायन म्हणतो, सगळी नामं धातूंपासूनच निघाली. गार्ग्य म्हणतो, सगळी नाही, उगाच ओढाताण करू नका. दोन हजारांहून अधिक वर्षं चाललेला हा वाद तुमच्या पस्तीस मिनिटांच्या तासात मिटणार नाही. आपल्या शाळांतल्या शब्दांच्या आठ जाती बऱ्याच अलीकडच्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यात इंग्रजी व्याकरणाचा साचा वापरला आणि ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी मिळवली. त्यांच्या आडनावातलं तर्खड हे वसईकडचं गाव, म्हणजे २०१४ पासूनच्या हिशेबाने पालघर जिल्ह्यातलंच. जिल्ह्याच्या माहितीपत्रकात चिकू असतो, बोंबील असतो, वारली चित्र असतं, व्याकरण नसतं. आपण तरी लक्षात ठेवावं.

पायरी दुसरी: बाजारात जा

भाजीवाल्या मावशींना विचारा, “आलं आलं का?” त्या क्षणभरही न थांबता सांगतील, “उद्या येईल.” पहिलं ‘आलं’ चहात घालायचं, दुसरं ‘येणे’चं भूतकाळी रूप. दोघांत काना-मात्रेचा फरक नाही. तरी मावशींचा गोंधळ झाला नाही, कारण त्यांनी शब्दाकडे पाहिलंच नाही. त्याने वाक्यात कुठली जागा पकडली आहे ते पाहिलं. नवशिक्याने या पुस्तिकेतून एवढं उचललं तरी पुष्कळ. शब्दाची जात त्याच्या अंगावर गोंदलेली नसते. तो वाक्यात काय काम करतो त्यावर ती ठरते, आणि काम बदललं की बदलते.

या भागात असे शब्द पावलोपावली भेटतील. ‘झाड’ अंगणात उभं असतं आणि ‘अंगण झाड’ म्हटलं की हातात केरसुणी येते. ‘पाडा’ म्हणजे वस्ती, इथली गावं पाड्यांनी बनलेली आहेत आणि मुलाचा पत्ता विचारायचा तर “कुठला पाडा?” असंच विचारायचं. पण वाडीत बांबूला जाळी बांधून उभ्या असलेल्या गड्यांना “पाडा” म्हटलं तर चिकू खाली येतील. आता ‘पाडा पाडा’ हे वाक्य फळ्यावर लिहा. एक नाम, एक आज्ञार्थी क्रियापद, व्याकरणाला अगदी शुद्ध. ते कोण कोणाला म्हणतं, याकडे पायरी सहावीत येऊ.

यातला सर्वांत जपून वापरायचा शब्द ‘वारली’. माणसाबद्दल बोलताना तो वारली, भाषेबद्दल बोलताना ती वारली, चित्राच्या किंवा नाचाच्या मागे लावला की विशेषण. आणि ‘वारणे’ या धातूचं भूतकाळी स्त्रीलिंगी रूपही हेच. मुलाने “आजी वारली” असं सांगितलं तर सुट्टी मंजूर करायची की मातृभाषेच्या रकान्यात नोंद करायची, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं. या धातूची एक गंमत अशी, की त्याचा भविष्यकाळ कोणी वापरत नाही. वारला, वारली, वारले इथवर ठीक. ‘वारेल’ असं तोंडातून काढायला मराठी माणूस धजावत नाही. छोट्या भाषांच्या भवितव्यावर परिसंवाद घेणाऱ्यांनी या अडचणीचा विचार करावा. तोवर मागच्या बाकावरची कुजबुज ऐका. ती ठणठणीत आहे.

पायरी तिसरी: प्रत्यय लावून बघा

व्याख्येने दगा दिला, आता कसोटी. ज्याला ‘ला, ने, त, वर’ लागतं आणि लागताना जो थोडा वाकतो ते नाम, असं समजा. घर, पण घराला. गड, पण गडावर. झाड, पण झाडाखाली. या वाकण्याला सामान्यरूप म्हणतात. पुस्तकातली उदाहरणं नको असतील तर एसटीच्या पाट्या वाचा. वाड्याला जायचं, मोखाड्याला जायचं: आकारान्त नावं निमूट वाकतात. डहाणूला, तलासरीला, बोर्डीला, चारोटीला: ईकार-ऊकारवाली ताठ. आणि खरी गंमत पुढे. ‘घर’ वाकतं, पण ‘पालघर’ नाही. ‘पालघराला जातो’ म्हणणारा माणूस या जिल्ह्यातला नाही असं खुशाल समजावं. ‘गड’ वाकतो, पण विक्रमगड आणि आशागड वाकत नाहीत. सामान्यनाम होतं तोवर नमत होतं, विशेषनाम झालं आणि मान ताठ झाली. ‘घोडा’ हे इकडचं प्रतिष्ठित आडनाव आहे. जनावर असेल तर घोड्याला हरभरे, सर असतील तर घोडा सरांना नमस्कार. यात चूक केल्यास व्याकरणापेक्षा मोठी अडचण येईल.

कसोटी उत्तम चालली आहे असं वाटेल तेवढ्यात मुलगा उभा राहून विचारेल, “आणि ‘आल्यावर’?” आल्यावर साखर टाकली. घरी आल्यावर साखर टाकली. पहिल्या वाक्यात आलं वाकलं, ते नाम. दुसऱ्यात क्रियापदच वाकलं, प्रत्यय घेतला आणि नामासारखं दिसू लागलं. याला पुस्तकात धातुसाधित म्हणतात. जाणे, जाण्याला, जाताना, गेल्यावर: मराठी क्रियापदाला नामाचे कपडे चढवायला वेळ लागत नाही. उलटा प्रवास अवघड. बाहेरच्या भाषेतून येणारी नामं अच्छाडच्या चेकनाक्यावरून रिकाम्या टेम्पोसारखी सुसाट आत येतात: मोबाईल, पार्सल, रिचार्ज. क्रियापदं मात्र अडवली जातात. त्यांना इथला ‘करणे’ किंवा ‘होणे’ जामीन द्यावा लागतो: डाउनलोड करणे, हँग होणे. फारच थोडी विनाजामीन सुटली. ‘खर्चणे’ आणि ‘बदलणे’ ही अरबी मुळाची मंडळी आता इतकी घरची झाली आहेत, की त्यांना कोणी कागद विचारत नाही.

पायरी चौथी: चिकूच्या वाडीत उभे राहा

घोलवड-बोर्डीच्या बाजूला कुठलीही वाडी चालेल. (घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा उदाहरणही मानांकित होईल.) समोर एक बाई चिकू निवडते आहे. वाक्य करा: ‘बाई चिकू निवडते.’ क्रियापद कोणाकडे बघतं? बाईकडे. तिच्या जागी पुरुष असता तर ‘निवडतो’ झालं असतं. याला कर्तरी प्रयोग म्हणतात. आता संध्याकाळपर्यंत थांबा. ‘बाईने चिकू निवडले.’ क्रियापदाने मान फिरवली. बाई आहे की बाप्या, याच्याशी त्याला देणंघेणं उरलं नाही. ते आता चिकूंना मोजतं आहे. एकच चिकू असता तर ‘निवडला’. ‘बाईने खोका उचलला, पाटी उचलली, टोपलं उचललं.’ उचलणारी तीच, क्रियापद दर वेळी मालाप्रमाणे बदललं. हा कर्मणी प्रयोग. काम चालू आहे तोवर क्रियापद कामगाराचं, काम संपलं की मालाचं. मराठीने हा नियम केला तेव्हा इथे वाड्या नव्हत्या, तरी नियम वाडीच्या हिशेबवहीतून उचलल्यासारखा वाटतो.

आणि मुकादमाने हाक मारली तर? ‘मुकादमाने बाईला बोलावलं.’ कर्माला ‘ला’ लागला, क्रियापद आता बाईकडेही बघत नाही आणि मुकादमाकडेही नाही. नपुंसकलिंग, एकवचन, नजर समोरच्या भिंतीवर. ‘शिपायांनी बायकांना अडवलं,’ ‘बायकांनी शिपायांना अडवलं’: कोणीही कोणालाही अडवा, ‘अडवलं’ जागचं हलत नाही. हा भावे प्रयोग. सरकारी तटस्थता वर्गात समजावून सांगायची असेल तर याहून सोपं उदाहरण नाही.

हा नियम सगळ्या मराठीचा आहे असं मात्र वर्गात सांगू नका. कोल्हापूर-बेळगावकडे ‘मी भाकरी खाल्लो’ असं सर्रास बोललं जातं. तिथलं क्रियापद जेवून झाल्यावरही खाणाऱ्याला सोडत नाही. कोल्हापुरातली मुलगी ‘मी आलो’ म्हणते आणि कोणी वळूनही बघत नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरात वारली असेल, धोडिया असेल, किनाऱ्याकडे मांगेली असेल, आणि नाक्यापलीकडे गुजराती तर आहेच. त्यांच्या क्रियापदांची नजर कुठे वळते हे त्यांना विचारा. लाल शाईने वर्तुळ काढण्याआधी विचारा.

प्रमाण मराठीच्या घरातही फितुरी आहेच. ‘मी व्याकरण शिकवलं’ यात क्रियापद व्याकरणाकडे बघतं. पण ‘मी व्याकरण शिकलो’ यात माझ्याकडे. ‘विसरलो’ही तसंच: ‘मी नियम विसरलो.’ शिकणारा आणि विसरणारा भाषेच्या डोळ्यांसमोर असतो. शिकवणारा दिसतच नाही, फक्त विषय दिसतो. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांची चर्चा पानंच्या पानं चालते. शिक्षकांच्या वेतनश्रेणीशी तिचा संबंध कोणी जोडलेला नाही.

पायरी पाचवी: मुलांना नाम विचारू नका

“या पाच वस्तूंची नावं सांगा,” असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. मुलांना नावं माहीत असतात. तुमच्या पुस्तकातलं नाव माहीत नसतं, एवढंच. त्याऐवजी विचारा, “काय चाललंय?” उत्तरं थांबवावी लागतील.

मुलं नामं आधी शिकतात की क्रियापदं, यावर जगभर वाद आहे. डेड्री गेंटनर या अमेरिकन संशोधिकेने १९८२ साली नामांच्या बाजूने मांडणी केली: वस्तू दिसते, धरता येते, म्हणून तिचं नाव आधी. पुढे कोरियन आणि चिनी मुलांवर काम करणाऱ्यांनी शंका काढल्या. त्या भाषांत बोलताना नामं सहज गाळली जातात. मराठीतही काय वेगळं आहे? घरात मूल दिवसभर काय ऐकतं: ये, घे, दे, चल, नको करू. ‘आलास’ एवढ्यात तू, एकटा, पुरुष, भूतकाळ, सगळं येतं. नामाची गरजच पडत नाही. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि ऐकणारा दार लावून घेतो. परभाषकाला हे समजावताना मात्र नामांची मदत घ्यावी लागते आणि ती पुरत नाही.

नामापेक्षा क्रियापद आधी विचारावं, ही गोष्ट या भागात फार आधी दोन बायकांना कळली होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत आल्या, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, या प्रश्नाला तेव्हाही नामांत उत्तरं तयार होती: गरिबी, अज्ञान, अनास्था. नामांत दिलेल्या उत्तरावर पुढे काही करता येत नाही, फक्त अहवाल लिहिता येतो. यांनी उत्तर क्रियापदांत शोधलं. मुलं गुरं चारतात. ठीक, मग शिक्षिकेने कुरणात जावं, ती कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांना सांभाळतात. मग भावंडंही आणा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात, ती विकासवाडी. मुलं अंगणात बसतात, मग अंगणातच भरवा. त्यातली ‘अंगणवाडी’ पुढे देशभर पोचली. (तिच्या सेविकांच्या मानधनाचा विषय या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहे, तो भावे प्रयोगात मोडतो.)

भाषा गोळा करणाऱ्यांनाही हे कळायला वेळ लागला. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला. त्यात ठाणे जिल्ह्यातली वारली आहे. नमुन्यासाठी बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सगळ्या बोलींत करून घेतली जायची. म्हणजे वारलीत तेव्हा छापून आलेल्या नामांत वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी मागणारा धाकटा मुलगा आहे, जो इथल्या पाड्यांवर सापडणं अवघड. वाटायला मालमत्ता हवी. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण केलं, त्यात लोकांना छोट्या चित्रफिती दाखवून काय घडलं ते सांगायला लावतात. तुम्हीही तेच करा. चित्रफीत नसली तरी खिडकी असते.

भिंतीवर वारली चित्र असेल तर अधिकच सोय. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी जगभर नेलेल्या या चित्रात माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर एक वर्तुळ. नाव नाही, चेहरा नाही. पण तो लावणी करतोय, जाळं टाकतोय, तारप्याभोवती फेर धरतोय. नामं सगळी एका मापाची, क्रियापदं प्रत्येकाची वेगळी. मुलांना सांगा, रिकामा उभा असलेला माणूस शोधा. बराच वेळ वर्ग शांत राहील.

पायरी सहावी: नोटीस वाचा

ही पायरी अभ्यासक्रमात नाही. ग्रामपंचायतीच्या फलकासमोर उभे राहा. या दोन तालुक्यांत फलक रिकामा नसतो: बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, वाढवणचं बंदर. तिथली भाषा तपासा. भूसंपादन, विस्थापन, पुनर्वसन, मूल्यांकन. चारही नामं, आणि चारींच्या पोटात एकेक क्रियापद कोंडलेलं. ‘जमीन घेतली’ म्हटलं की ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप पुढे येतो, कारण क्रियापदाला कर्ता लागतो. ‘भूसंपादन’ला लागत नाही. आणि जिथे क्रियापद टाळताच येत नाही तिथे ‘करण्यात येत आहे’. ‘करणे’चं नाम केलं, त्याला ‘त’ लावला आणि सोबत ‘येणे’ जोडलं. येत आहे म्हणे. कोण येत आहे, कुठून, कितीच्या गाडीने, काही पत्ता नाही. ‘पाडा पाडा’ असं स्वच्छ वाक्य कुठल्याही कचेरीतून निघत नाही. निघतं ते ‘बांधकाम निष्कासनाची कार्यवाही’.

ही कला जुनी आहे. सावकारांच्या काळी इथे वेठ होती आणि लग्नगडी होता. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज घेऊन बायकोसकट सावकाराकडे राबणारा. नाव ऐकायला बाळबोध, जणू वराचा मित्र. त्यात कर्ज देणारा दिसत नाही, राबवणारा दिसत नाही. १९४५ साली तलासरीजवळच्या झरीच्या सभेनंतर वारल्यांनी जे बंड केलं, त्याचं व्याकरण साधं होतं: वेठ करणार नाही. नामापुढे नकारार्थी क्रियापद आणि कर्ता गृहीत, कारण तो समोरच उभा होता.

गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्यावर लिहिलेल्या, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाचं नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’. व्याकरणाच्या नजरेने हे अर्धंच वाक्य. ‘तेव्हा’ने सुरू होणारा भाग बाहेर ठेवला आहे. ‘जागा’ इथे विशेषण. एका मुलाने ते नाम समजून ‘माणूसच जमीन होतो’ असा अर्थ लावला तर अर्धा गुण द्यावा. पूर्ण का देऊ नये, हे मला सुचत नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्यातील नाम व क्रियापद ओळखा: ‘आलं आल्यावर आल्याचा चहा झाला.’ चहा आधी करून घ्या.

‘तोड’ हा शब्द एकदा नाम आणि एकदा क्रियापद म्हणून वापरा. ज्यांच्या घरचं कोणी तोडीला गेलं आहे त्या मुलांना उदाहरण विचारा. पुस्तकातलं देऊ नका.

फलकावरची एक नोटीस उतरवून आणा. त्यातल्या प्रत्येक नामाचं क्रियापद करा. प्रत्येक क्रियापदासमोर ‘कोणी?’ आणि ‘कोणाचं?’ असे दोन रकाने आखून भरा. उत्तरपत्रिका शाळेतच ठेवाव्यात, ग्रामपंचायतीत जमा करू नयेत.